खतावणीतलं फिजिक्स

आमच्या आप्पांच्या किराणा दुकानात तीन वह्या असत. रोजकीर्द, उधारीची वही आणि लाल कापडी बांधणीची खतावणी. खतावणीत गिऱ्हाईकांची पानं, घाऊक व्यापाऱ्यांची पानं आणि अगदी शेवटी, जिथं कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, घरच्यांची पानं. ‘पाईपलाईन’, ‘आईचं ऑपरेशन’, ‘म्हैस’. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, वह्या माळ्यावर गेल्या. मे महिन्यात मी गावी गेले होते तेव्हा तनूनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, ती खतावणी शोधून खाली आणली आणि माझ्यापुढे उघडून धरली.

“आत्या, म्हशीनंतर तू आहेस.”

पानावर आप्पांच्या तिरक्या अक्षरात ‘चि. ताई – शिक्षण’ असं लिहिलेलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. नावे बाजू गच्च भरलेली: प्रवेश फी ५,२४०. ॲप्रन व जर्नल ३१०. लॉग टेबल ४५. एसटी पास. कॅल्क्युलेटर ४८०, आणि त्यापुढे कंसात ‘हरवला’. मग दुसरा कॅल्क्युलेटर. मग कोल्हापूरची होस्टेल अनामत, मेस, मेस, मेस. २००८ ते २०१३ ची पाच वर्षं, खाली दोन रेघा मारून बेरीज: १,०४,७००. जमा बाजूला पाच वर्षं पांढरा कागद.

बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते. तनूला ८२ टक्के, सीईटीला अंदाजे ९१ पर्सेंटाइल. एक्क्याण्णवला सांगलीत वालचंदचं कॉम्प्युटर मिळत नाही. दुसरीकडे कुठंतरी काहीतरी मिळतं. तिला मात्र बीएस्सी करून फिजिक्स घ्यायचं होतं. दादानं फोनवरच सांगितलं होतं, “तू ते करून बसलीयस, तूच तिच्याशी बोल. पण खरं ते बोल, उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नको.”

आणि आता तोच दादा ती बेरीज बघून म्हणाला, “पाच वर्षांचं शिक्षण एक लाखात? माझ्या बोअरला याच्यापेक्षा जास्त गेले.”

इथंच सगळा घोटाळा आहे. अनुदानित कॉलेजातलं बीएस्सी स्वस्त असतं, हे तालुक्याच्या गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि त्या स्वस्ताईवरच आमच्यासारखी घरं फसतात. आप्पांचा हिशेब पैशाला पैसा चोख आहे. फक्त माझा सगळ्यात मोठा खर्च त्या पानावर नाही. तो कुठं गेला हे तनूला दाखवायला मला दुसरं पान घ्यावं लागलं. दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर भिंतीवर होतं, त्याचं एप्रिल फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षं लिहायला घेतली.

२००८. बारावीला मला ७१ टक्के. इंजिनीअरिंगला खासगी कॉलेजात मिळत होतं, पण फी आणि पुण्याचं राहणं धरून वर्षाला लाखाच्या वर. आप्पा नको म्हणाले नाहीत, ते फक्त गप्प झाले. मीच म्हटलं, बीएस्सी करते. फिजिक्स का, तर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मला शिंका यायच्या. हे कारण मी पुढं कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.

गोडी नंतर लागली, आणि ती लागल्याची जागा मला आठवते. तिसऱ्या वर्षाला डार्क रूममध्ये स्पेक्ट्रोमीटर लावून ग्रेटिंगचा प्रयोग होता. सोडियमचा दिवा तापून पिवळा व्हायला दहाएक मिनिटं घेतो, तोवर अंधारात गप्पा. दुर्बिणीतून बघितलं तर एक पिवळी रेघ. सरांनी मागून येऊन स्लिट हळूच बारीक केली, दुर्बीण दुसऱ्या ऑर्डरला सरकवली, आणि त्या एका रेघेच्या दोन झाल्या. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. पुस्तकात ते आकडे मी पाठ केलेले होते. पण एका रेघेच्या दोन होताना बघणं वेगळं. त्या दिवशी मी घरी येऊन आप्पांना हे सांगितलं. ते शेंगदाण्याचं पोतं मोजत होते. म्हणाले, “बरं झालं.”

शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला. आमच्या फिजिक्स विभागात तेव्हा जो तो थिन फिल्म करायचा. काचपट्टीवर औषधाच्या फवाऱ्यासारखा द्रावणाचा फवारा मारायचा, खाली हॉटप्लेट, वर झिंक ऑक्साइडचा पातळ थर. माझा प्रोजेक्टही तोच. विभागात सीनिअर भेटला की पहिला प्रश्न असायचा, “कोरिया की तैवान?” थिन फिल्मवर पीएच.डी. करून पोस्ट-डॉकला, म्हणजे पुढच्या करारावरच्या संशोधनाला, दक्षिण कोरियाला जायचं ही आमच्याकडची मळलेली वाट आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची कितीतरी पोरं तिथं जाऊन आली. त्यातली काही परत येऊन प्राध्यापक झाली, काही तिकडेच करारावर करार करत राहिली. मला ते दिसत होतं, पण पीएच.डी.चा विचार करायचा तर फेलोशिप हवी, आणि फेलोशिप म्हणजे नेट.

“नेट म्हणजे?” दादानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या नेटच्या अभ्यासासाठी मी तीन वर्षं त्याच्याच घरात मागच्या खोलीत बसत होते.

सीएसआयआरची नेट, म्हणजे विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते. फिजिक्सचा पेपर दोनशे मार्कांचा, तीन भाग, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. माझ्या वेळी त्यात दोन याद्या लागायच्या. वरच्या यादीत नाव आलं तर जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा पैसे. माझ्या वेळी ते १६ हजार होते, २०१४ अखेर २५ हजार झाले, २०२३ पासून ३७ हजार आहेत. खालच्या यादीत नाव आलं तर नुसती पात्रता. तुम्ही कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला लायक आहात, असा कागद. मी चार वेळा बसले. चौथ्यांदा माझं नाव खालच्या यादीत आलं. घरात पेढे वाटले. पेढे वाटण्यासारखं काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

कारण लायक असण्याचा आणि जागा असण्याचा काही संबंध नाही. मी २०१३ च्या जुलैपासून एका कॉलेजात सीएचबीवर होते, म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे. सुट्टी लागली की पगार नाही, परीक्षा चालू असली की पगार नाही, आणि झालेल्या तासांचं बिलही कॉलेजातून सहसंचालक कार्यालय, तिथून परत, अशी वारी करून यायचं. आप्पांच्या पानावर जमा बाजूची पहिली नोंद त्याचीच आहे. जानेवारी २०१४, रुपये ९,६००. हे जुलै ते सप्टेंबरच्या तासांचे. वर्षाकाठी सगळं मिळून सत्तर हजारांच्या आसपास यायचे, त्यात दहावीच्या शिकवण्या धरल्या तर.

स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर एकाच विषयाचे दोघं बसायचो. कायम असलेल्या सरांचा पगार माझ्या दहापट आणि सबमिशनच्या जर्नल्स तपासायच्या माझ्याकडे. सर वाईट नव्हते. उलट चहा नेहमी तेच पाजायचे.

एका संस्थेत कायम जागेची जाहिरात निघाली. मुलाखतीच्या आधी एक गृहस्थ दुकानात आले, साखरेचा भाव विचारला, पावकिलो शेंगदाणे घेतले आणि जाताजाता आप्पांना आकडा सांगून गेले. त्या आकड्यात मला इंजिनीअरिंगच्या दोन डिग्र्या आल्या असत्या. आप्पांनी त्यांच्याकडून शेंगदाण्याचे पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते मला कळलं नाही, पण ते गृहस्थ परत आले नाहीत आणि मीही मुलाखतीला गेले नाही.

बी.एड. करावं का? तोही हिशेब केला होता. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि २०१२ पासून शाळांतली भरतीच बंद होती. लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. ज्युनिअर कॉलेजलासुद्धा तेव्हा महिना नऊ हजार. (आता ते मानधन वीस हजार केलंय, २०२३ पासून.) माझ्या वर्गातल्या दोघी त्या वाटेनं गेल्या, एकीला कायम व्हायला वयाची चौतिशी उजाडली.

तनूनं मध्येच विचारलं, “मग तुमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त कमावतं कोण?”

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त कमावतो तो नीट-जेईईच्या क्लासवाला. लातूरला आहे. फिजिक्समध्ये पैसा नाही असं म्हणतात ते तितकंसं खरं नाही. घर्षणाचा प्रश्न पन्नास सेकंदांत सोडवायला शिकवण्यात भरपूर पैसा आहे. बाकीचे? दोघं बँकेत, एक राज्यकर निरीक्षक, एक बेंगळुरूला डेटाच्या कामात, तिघं कोरियाला जाऊन आलेले, पाचसहा जण अजून सीएचबीवर. हो, अजून. बारा वर्षांनी. आणि चारपाच मुली अशा की ज्यांचं लग्नाच्या पत्रिकेवर एम.एस्सी. लिहून आलं, पुढचं मला माहीत नाही.

२०१५ च्या एप्रिलमध्ये धाकट्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. पंचवीस शेक घ्यायचे होते, शनिवार-रविवार सोडून रोज. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, कुणी लाईट म्हणतं. पाच आठवडे तिच्यासोबत कोण जाणार? उन्हाळ्यात सीएचबीवाल्याला तास नसतात, म्हणून मी. बिनपगारी सुट्टीचा माझ्या आयुष्यातला तेवढा एक उपयोग झाला.

मशीनच्या खोलीबाहेर बाकडं होतं. समोरच्या दारावर पाटी, ‘मेडिकल फिजिसिस्ट’. मला वाटलं डॉक्टरांचीच एखादी पदवी असेल. तिसऱ्या दिवशी त्या दारातून एक माणूस हातात पाण्याचा चौकोनी पारदर्शक डबा आणि लांब वायर घेऊन बाहेर आला. डब्यात एक बारीक पेन्सिलीएवढी नळी. ती नळी मी ओळखली. आयनायझेशन चेंबर, किरण मोजायचं साधन; एमएस्सीला न्यूक्लिअरच्या पेपरला आकृती काढली होती, सात मार्कांना. मी उठून विचारलं, “सर, तुम्ही डॉक्टर का?”

“नाही हो. एमएस्सी फिजिक्स. शिवाजी युनिव्हर्सिटी.”

माझ्याच विभागातला, माझ्या सात वर्षं आधीचा. त्या विभागात दोन वर्षं काढून मला कुणी हे काम असतं असं सांगितलं नव्हतं. कोरिया सांगितला, नेट सांगितली, हे नाही. त्यांनी बाकड्यावर बसून दहा मिनिटांत सगळं समजावलं. एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मुंबईला अणुशक्तीनगरात, भाभा अणुसंशोधन केंद्राचा. त्याला प्रवेशपरीक्षा. बीएस्सी आणि एमएस्सीला ६० टक्क्यांची अट. मग मोठ्या रेडिएशन विभागात बारा महिने इंटर्नशिप. आणि यातली मेख अशी की, अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमानं फिजिसिस्ट असल्याशिवाय हॉस्पिटलला ते मशीन चालवायची परवानगीच मिळत नाही. “आपल्या डिग्रीची गरज हॉस्पिटलला वाटो न वाटो, कायद्याला वाटते,” असं ते म्हणाले. हे वाक्य मी तनूला दोनदा सांगितलं.

पहिल्या वर्षी माझं नाव निवड यादीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी आलं. २०१६-१७ डिप्लोमा, २०१७-१८ इंटर्नशिप, महिना बारा हजारांवर. २०१८ च्या ऑक्टोबरात कोल्हापुरात पहिली खरी नोकरी, ४२ हजार. तेव्हा मी अठ्ठावीस पूर्ण केली होती. मावशी पेढे घेऊन आली होती. ती आता बरी आहे, चेकअपला वर्षातून एकदा येते आणि माझ्या विभागातल्या सगळ्यांना ‘माझ्यामुळं लागली ही’ असं सांगते. ते खरंच आहे.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आता दोन उभ्या ओळी झाल्या होत्या. एकीत मी, दुसरीत माझी बारावीची बाकावरची मैत्रीण, जी त्याच वर्षी इंजिनीअरिंगला गेली. तिला फोन करून आकडे विचारले, तिनं हसत हसत दिले. चार वर्षांचा खर्च साडेचार लाख, बराचसा कर्ज काढून. २०१२ ला कॅम्पसमधून वर्षाला सव्वातीन लाखांची नोकरी. २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत तिची कमाई साधारण तीस लाख. त्याच सहा वर्षांत माझी? सीएचबी, शिकवण्या, इंटर्नशिप सगळं धरून साडेतीन. फरक साडेसव्वीस लाख. तिनं शिक्षणावर माझ्यापेक्षा साडेतीन लाख जास्त घातले ते वजा केले, तरी तेवीस लाख उरतात.

“हे आप्पांच्या वहीत नाही,” मी दादाला म्हटलं. “माझं शिक्षण एक लाखाचं नव्हतं. चोवीस लाखांचं होतं. फक्त त्याची पावती कुणी दिली नाही.”

दादा काही बोलला नाही. तनू बोलली. “पण त्यातली तीन वर्षं तर तुझी नुसती वाट बघण्यात गेली. डिप्लोम्याचं आधी माहीत असतं तर?”

पोरगी हुशार आहे. तेच. २०१३ लाच मी ती परीक्षा दिली असती तर तेवीसातले निम्मे तरी वाचले असते. मी फिजिक्स शिकण्याला फार पैसे मोजले नाहीत. फिजिक्स शिकल्यावर कुठलं दार कुठं आहे हे माहीत नसण्याला मोजले. आमच्या गावात इंजिनीअरिंगची दारं सगळ्यांना पाठ असतात, रिक्षावाल्यालासुद्धा. फिजिक्सची नसतात. इन्स्पायरचंच बघा. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्यानं बीएस्सीला मूळ विज्ञान घेतलं तर वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती, त्यातले साठ हातात. आमच्या वर्गात तेवढे मार्क दोघांना होते. अर्ज एकीनंच भरला, कारण तिच्या मामानं पेपरात वाचलं होतं.

तनूला मी जी दारं सांगितली त्यातली काही यंदापुरती बंद झालेली होती, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेत जायचं तर आयएटी ही वेगळी परीक्षा. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईला कालिन्याला असलेलं अणुऊर्जा विभागाचं केंद्र, यांच्यासाठी नेस्ट. त्यांच्या अर्जांच्या मुदती बारावीच्या निकालाच्या आगेमागे संपतात. निकाल लागल्यावर ‘आता काय करायचं’ म्हणून विचार करायला बसणारं घर तोवर उशिरा पोचलेलं असतं. मी आत्या असून गेल्या डिसेंबरात तिला हे सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही. दुसऱ्यांना काय बोलणार.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या वेळी नव्हती. २०२४ पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. आमचं घर त्यात बसतं. म्हणजे मी २००८ साली ज्या एका कारणानं बीएस्सीला गेले, ते स्वस्ताईचं कारण तनूसाठी उरलेलंच नाही. इंजिनीअरिंगला तिला राहण्या-जेवण्याचा खर्च येईल, शिक्षण शुल्काचा नाही. आता ती फिजिक्सला गेली तर हवं म्हणून जाईल. परवडतं म्हणून जाणं आणि हवं म्हणून जाणं यात फरक आहे. मला तो पर्याय नव्हता म्हणून मी दोन्ही एकच समजत होते.

दादा म्हणाला, “मग इंजिनीअरिंगच करावं की.” मी म्हटलं, तिला आधी एक दिवस माझ्याकडे पाठव.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती कोल्हापूरला आली. सकाळी सातला मी तिला विभागात नेलं. पेशंट साडेआठला सुरू होतात, त्याआधी मशीन तपासायचं असतं. त्या दिवशी महिन्याचं आउटपुटही, म्हणजे मशीन किती किरण देतं तेही, मोजायचं होतं. पाण्याचा डबा टेबलावर ठेवला, चेंबर दहा सेंटिमीटर खोल बसवला, दहा बाय दहाचं फील्ड उघडलं, बाहेर येऊन दार लावलं, शंभर मॉनिटर युनिट किरण सोडले. इलेक्ट्रोमीटरवर आकडा आला. असे तीन आकडे घेतले. मग तिच्या हातात कागद दिला.

“आता हा आकडा चुकीचा आहे. दुरुस्त कर.”

चेंबरमध्ये हवा असते, ०.६ घनसेंटिमीटर. किरण त्या हवेत विद्युतभार तयार करतात आणि आपण तो मोजतो. पण चेंबर बंद नसतो, बाहेरची हवा आत येते-जाते. समुद्रसपाटीपेक्षा कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं हवा विरळ, चेंबरमध्ये हवेचे रेणू कमी, म्हणून भारही कमी मोजला जातो. दुरुस्ती करायची ती तापमानाची आणि दाबाची. भिंतीवरच्या बॅरोमीटरवर ९४५ मिलिबार होते, पाण्याचं तापमान २२.

तिनं सूत्र बघितलं. “आत्या, हे तर बॉईल आणि चार्ल्स. अकरावीचं.”

“हो. कर.”

तिनं मोबाईलवर केलं. २७३.२ अधिक २२, भागिले २९३.२. गुणिले १०१३.२५ भागिले ९४५. उत्तर आलं १.०८०.

“म्हणजे आठ टक्के?”

आठ टक्के. हेच मशीन मुंबईत असतं तर पावसाळ्याच्या तोंडावर दीडएक टक्का आला असता. इथं ही दुरुस्ती विसरून कुणी मशीनच कमी देतंय असं समजलं आणि आउटपुट वाढवलं, तर प्रत्येक पेशंटला आठ टक्के जास्त जाईल, आणि आम्हाला चालतं ते दोन टक्क्यांपर्यंतचं. तिनं कागदावर १.०८० ला गोल केला, मग पुन्हा एकदा हिशेब केला. तिनं तो न सांगता पुन्हा केला, हे मी दादाला सांगितलं नाही, पण माझ्या लक्षात राहिलं.

नंतर तिला दिवसभर बाकीचंही दिसलं. काँप्युटरसमोर तासन् तास पेशंटच्या शेकाचा प्लॅन करणं, छातीवर लावायचा, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज, रजिस्टरं, सही, परत सही, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून अणुऊर्जा परिषदेच्या पोर्टलवर भरायची माहिती. मशीन बंद पडलं की नातेवाईक माझ्याच अंगावर येतात, तेही तिनं बघितलं. दुपारी डबा खाताना विचारलं, “पगार किती तुला आता?”

नव्वद हजारांच्या आसपास, मी सांगितलं. माझ्या मैत्रिणीला याच्या दुपटीहून जास्त आहे. आणि हेही सांगितलं की ही वाट अरुंद आहे. डिप्लोम्याच्या जागा मोजक्या. आता एमएस्सी मेडिकल फिजिक्सचे थेट अभ्यासक्रमही निघालेत, पण तिथं प्रवेश घेण्याआधी परिषदेची मान्यता आहे का ते बघावं लागतं. नोकरी जिथं मशीन आहे तिथंच. आपल्या गावात मशीन येणार नाही, त्यामुळं आपल्या गावात परत जाणं विसरायचं. फिजिक्स करणाऱ्या शंभरातल्या सगळ्यांनी हेच करायचं ठरवलं तर शंभरांना नोकऱ्या नाहीत.

“तुला आवडतं का पण?”

सकाळी सात ते साडेआठ आवडतं. मी एवढंच म्हटलं. तिनं मान हलवली आणि माझ्या डब्यातली भेंडी संपवली.

संध्याकाळी मीच तिला गाडीनं गावी सोडायला निघाले. किणीचा टोल गेला, पेठ नाक्याला वळलो, तोवर ती मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं मैत्रिणींशी चाललंय. घरी पोचल्यावर तिनं ते आम्हाला वाचून दाखवलं. दोन याद्या होत्या. एकीत इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचे सात पर्याय. दुसरीत बीएस्सी, आणि त्याखाली: पहिलं वर्ष संपायच्या आत कुठल्या परीक्षा, दुसऱ्या वर्षी कुठल्या, एमएस्सीसाठी जॅम या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म कधी, साठ टक्क्यांच्या खाली जायचं नाही, डिप्लोमा एमएस्सी संपेल त्याच वर्षी. शेवटी लिहिलं होतं, ‘नेट जास्तीत जास्त दोनदा.’

दादानं दोन्ही याद्या ऐकल्या आणि दोन्ही फॉर्म भर म्हणाला, अजून तारीख आहे.

आप्पा कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण पैशाचं बोलणं चाललं की येतं. त्यांनी खतावणी मागून घेतली, माझ्या पानामागचं कोरं पान काढलं, शर्टाच्या खिशातलं पेन उघडलं आणि वर लिहिलं, ‘चि. तनू – शिक्षण’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मग पट्टी पानावर आडवी-उभी धरून बघितली आणि मला विचारलं,

“ती वर्षं म्हणालीस, त्यांचा रकाना कुठल्या बाजूला आखू?”